लॅमिंग्टन रोडचा ‘जोड’धंदा

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरा, पूर्वेकडे बाहेर पडा आणि कुणालाही डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाचा पत्ता विचारा. बहुतेक जण डोकं खाजवतील. ‘लॅमिंग्टन रोड’ म्हणालात, तर मात्र चहाचा ट्रे घेऊन धावणारा पोऱ्याही न थांबता बोट दाखवील. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ते गेले, त्यांचं राज्य गेलं, पालिकेनं पाटी बदलली; पण नाव काही लोकांच्या तोंडून जायला तयार नाही. याला कारण हे लाटसाहेब नव्हेत. कारण आहे इथला बाजार.

दहा-बारा फुटांची दुकानं, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर खोक्यांची चळत. फुटपाथवर टेबलं मांडलेली, त्यांवर रिमोट, चार्जर, वायरींची भेंडोळी. आतल्या काउंटरवर काचेखाली शेकडो छोटे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात तांदळाएवढे, शेंगदाण्याएवढे, खारकेएवढे सुटे भाग. मंडईत कोथिंबिरीची जुडी मागावी तसे इथं रेझिस्टर मागतात. गिऱ्हाईक खिशातून चिठ्ठी काढतो, काउंटरमागचा माणूस ती न बोलता वाचतो आणि त्याचा हात न बघता नेमक्या कप्प्यात जातो. कुठूनतरी सोल्डरिंगचा तो विशिष्ट धूर नाकात शिरत असतो. एकदा ज्याला त्या वासाची सवय लागली, तो माणूस जन्मभर या रस्त्यावर परत परत येतो असं म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही.

तशी या रस्त्याची पहिली ओळख सिनेमाची. एका टोकाला ऑपेरा हाऊस, मध्ये थिएटरांची रांग आणि नाझच्या इमारतीत सिनेमाच्या वितरकांच्या कचेऱ्या. इथल्याच मिनर्व्हात १९७५ मध्ये ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं हलला नाही. पण पडद्याच्या झगमगाटाआड रेडिओच्या सुट्या भागांचा धंदाही इथं रुजत होता. घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरायचे, ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत होती, हे आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटणार नाही. त्या काळात कंपनीचा रेडिओ परवडत नसे, म्हणून कितीतरी हौशी तरुण सुटे भाग नेऊन घरीच ट्रान्झिस्टर जोडत. ‘तयार घेऊ नये, जोडून घ्यावं’ हा या रस्त्याचा स्वभाव तेव्हाच ठरला. पुढे कॉम्प्युटर आला आणि त्याचीही या स्वभावातून सुटका झाली नाही.

एक किलोबाइटचा संसार

घरात वापरायचा कॉम्प्युटर ही कल्पना जगातच उशिरा आली. १९७५ मध्ये अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ नावाचं यंत्र टपालानं विकायला निघालं. त्याला पडदा नव्हता, की-बोर्ड नव्हता, आणि स्मरणशक्ती किती, तर २५६ बाइट्स. म्हणजे या परिच्छेदातली चार वाक्यंसुद्धा त्यात मावली नसती. पण त्याच्या पोटात एक सोय होती. शंभर पिनांच्या खाचा, ज्यांत आणखी कार्डं खोचता येतील. कुणी मेमरीचं कार्ड बनवलं, कुणी टीव्हीला जोडायचं. यंत्र एका कंपनीचं आणि अवयव दुसऱ्याच कंपन्यांचे, असा नवाच धंदा उभा राहिला.

‘अॅपल टू’च्या वेळी तर यावरून दोघा भागीदारांत वाद झाला. प्रिंटर आणि मोडेम एवढ्यांसाठी दोन खाचा पुरेत, असं स्टीव्ह जॉब्जचं म्हणणं. स्टीव्ह वॉझ्नियॅक आठांवर अडून बसला. लोकांना पुढे काय जोडावंसं वाटेल हे आपण आज कसं ठरवायचं, हा त्याचा सरळ हिशेब. १९७७ मध्ये यंत्र बाजारात आलं ते आठ खाचा घेऊनच, आणि वॉझ्नियॅकचं बरोबर ठरलं.

मध्यमवर्गाच्या आवाक्यातला कॉम्प्युटर मात्र इंग्लंडातून आला. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा ‘झेडएक्स ८१’ मार्च १९८१ मध्ये निघाला. वहीएवढं काळं खोकं, जोडणीचे भाग घेतले तर किंमत पन्नास पौंडांना पाच पेन्स कमी. मेमरी फक्त एक किलोबाइट. एवढ्याशा जागेत काय मावणार? मग सोळा किलोबाइटचा ‘रॅम पॅक’ घ्यायचा, तो खोक्याच्या पाठीमागे खोचायचा. गंमत अशी की, सुरुवातीला या पॅकची किंमतही पन्नास पौंडांना पाच पेन्स कमी! घोड्याइतकाच नालाचा खर्च.

आणि हा नाल पक्का बसतही नसे. जाहीर बदनामी झालेला दोष होता तो. खोक्याच्या पाठीतून सर्किटची उघडी कडा बाहेर डोकवायची, तिच्यावर धातूचे दात. पॅक त्या दातांना धरून नुसता लोंबकळायचा. टाइप करताना बोट जरा जोरात पडलं, टेबलाला धक्का लागला, की पॅक डुले आणि दोन तास टाइप केलेला प्रोग्रॅम क्षणात पुसला जाई. जगभरच्या वापरणाऱ्यांनी त्यावर घरगुती इलाज शोधले. कुणी चिकणमातीसारखा चिकट गोळा लावला, कुणी रबर बँड बांधला, कुणी अख्खं यंत्रच लाकडी फळीवर स्क्रूनं आवळून टाकलं. कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली कागदाची घडी सारणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८२ मध्ये, सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम’ आला. रंगीत चित्रं, रबरी बटणं आणि पाठीमागे पुन्हा तीच उघडी कडा. त्या कडेला काय काय जोडलं गेलं याची मोजदाद नाही. जॉयस्टिकचं इंटरफेस, बोलणारं खोकं, अॅल्युमिनियमचा चंदेरी थर दिलेल्या कागदावर ठिणगीनं अक्षरं जाळणारा प्रिंटर, लांबलचक टेपचा चिमुकला ‘मायक्रोड्राइव्ह’. एकामागे एक अशी जोडणी केली की मूळ यंत्र हातभर आणि त्याचं शेपूट वावभर!

हे यंत्र भारतातही बनलं. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं १९८६ मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत त्याची काही हजारांनी विक्री झाली. त्याला वेगळा पडदा लागत नसे, घरचा टीव्ही चाले. प्रोग्रॅम साठवायला घरचा टेपरेकॉर्डर. म्हणजे पैसे वाचले खरे. पण घरात एकच टीव्ही, आणि १९८७-८८ मधल्या रविवारी सकाळी त्यावर ‘रामायण’! अशा वेळी कॉम्प्युटरची वायर काढून अँटेनाची लावायला कुणाला उठावं लागे, हे सांगायची गरज नाही. टेपवरून गेम चढायला कित्येक मिनिटं लागत आणि तेवढा वेळ टेपरेकॉर्डर कर्कश किंचाळत राही. जेवणाच्या वेळी हा कार्यक्रम सुरू झाला की स्वयंपाकघरातून काय ऐकू येई, तेही वाचकांनी कल्पनेनंच जाणावं.

प्रॉक्टर रोडवरचं मासिक

लॅमिंग्टन रोडला लागूनच प्रॉक्टर रोड आहे. १९८३ मध्ये याच प्रॉक्टर रोडवरच्या पत्त्यावरून एक इंग्रजी मासिक निघू लागलं, ‘इलेक्टर’. मूळ हॉलंडचं, त्याची ही भारतीय आवृत्ती. कथा-कवितांच्या मासिकाची वाट बघावी तशी हौशी पोरं त्याची वाट बघत. त्यात सर्किटं छापलेली असत, त्यांचे पीसीबी मागवता येत, आणि बाकीचे भाग? ते मिळायला चार पावलांवर अख्खा रस्ता पसरलेला! मासिक आणि बाजार यांचं असं शेजार क्वचितच कुणाला लाभतं.

याच ‘इलेक्टर’नं १९८० मध्ये युरोपात ‘ज्युनियर कॉम्प्युटर’ छापला होता. एका बोर्डावरचा, सहा आकडे दाखवणारा, एक किलोबाइट मेमरीचा. आधी तेवढाच जोडायचा, कळू लागला की पुढचं कार्ड. मग मेमरी वाढवायची, मग पडद्याचं कार्ड, मग फ्लॉपी. कॉलेजात जे एका वर्षाच्या व्याख्यानांतून डोक्यात शिरत नसे, ते अशा एका जोडणीतून शिरायचं. कारण उघड आहे. आपण स्वतः लावलेलं कार्ड चाललं नाही, तर ते का चाललं नाही हे शोधल्याशिवाय रात्री झोप लागत नाही.

सरकारी पातळीवरही याच सुमारास हालचाल झाली. १९८४ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवण्यासाठी ‘क्लास’ नावाची योजना सुरू झाली. सुरुवातीला अडीचशे शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ कॉम्प्युटर मिळाले. कितीतरी शाळांत ते यंत्र कुलपात राहिलं, कापडी आच्छादनाखाली, हेड सरांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. फार वाईट झालं ते. कारण या यंत्राइतकं जोडायला उदार यंत्र दुसरं नव्हतं. त्याच्या तळाशी रांगेनं जोडण्या होत्या. त्यातली एक, ‘ट्यूब’ नावाची, तर चक्क दुसरा मेंदू जोडण्यासाठी!

या ‘ट्यूब’ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकॉर्नमधल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवी चिप आखली. २६ एप्रिल १९८५ रोजी ती पहिल्यांदा चालली आणि सुरुवातीला तिचा उपयोग झाला तो बीबीसी मायक्रोला जोडलेला दुसरा मेंदू म्हणून. तिचं नाव ‘आर्म’. आज तुमच्या-आमच्या हातातले मोबाइल जवळजवळ सगळे याच घराण्याच्या चिपवर चालतात. म्हणजे आपल्या काही शाळांत कुलपाआड ठेवलेल्या यंत्राच्या तळाशी जे छिद्र होतं, तशाच छिद्रातून मोबाइलचं युग बाहेर आलं.

जंपरची डोकेदुखी

१९८४ मध्येच केंद्र सरकारनं कॉम्प्युटरचं धोरण सैल केलं, आयातीवरचे कर कमी झाले. आयबीएमच्या पीसीची रचना उघडी होती; तैवानमध्ये, सिंगापूरमध्ये तिच्या नकला भराभर निघत होत्या. लॅमिंग्टन रोडला हवं तेच मिळालं. असा कॉम्प्युटर, जो तुकड्यातुकड्यांनी विकता येतो! कॅबिनेट एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्यातून, डिस्क तिसऱ्यातून. ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो इथून. १९९१ नंतर माल आणखी मोकळेपणानं येऊ लागला आणि नव्वदच्या दशकात बापलेकांच्या जोड्या शनिवारी या रस्त्यावर दिसू लागल्या. बापाच्या हातात पाकीट, मुलाच्या हातात यादी.

यंत्र घरी आलं की सहा महिन्यांत मागण्या सुरू होत. आधी रॅम. मग साउंड कार्ड. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं १९८९ मध्ये ‘साउंड ब्लास्टर’ आणलं होतं, त्याची आणि त्याच्या स्वस्त भावंडांची इथं चलती. मग सीडी ड्राइव्ह. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं इंटरनेट खुलं केल्यावर मोडेम, आणि त्यापाठोपाठ घरच्या फोनच्या बिलावरून भांडणं. टीव्ही ट्यूनर कार्ड घेतलं तर कॉम्प्युटरवर दूरदर्शन दिसे. ज्या पिढीनं टीव्हीवर कॉम्प्युटर लावला, तिच्याच घरात आता कॉम्प्युटरवर टीव्ही!

ही कार्डं बसवणं म्हणजे मात्र एक दिव्य होतं. प्रत्येक कार्डाला मुख्य चिपचं लक्ष वेधून घ्यायला एक ठरावीक क्रमांकाची वाट लागे. अशा वाटा मोजक्या. साउंड कार्डाला आणि मोडेमला एकच वाट मिळाली की दोघंही मुके! मग कॅबिनेट उघडायचं, कार्डावरचं ‘जंपर’ नावाचं, मसुरीच्या डाळीएवढं टोपण चिमट्यानं उचलायचं, शेजारच्या पिनांवर बसवायचं, पुन्हा चालू करायचं. टोपण हातून सुटलं तर घरातली सगळी माणसं फरशीवर ओणवी. एकत्र कुटुंबात एकाच न्हाणीघरावरून सकाळी जे होतं, तेच त्या डब्यात चाललेलं असायचं.

भावाचं गणित तर याहून अवघड. रॅमचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. का, ते काउंटरवर कुणी सांगत नसे, पण कारणं खरी असत आणि फार लांबची असत. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथं सुमितोमो कंपनीच्या रसायन कारखान्याला आग लागली. चिपवर जे प्लास्टिकचं वेष्टण असतं, त्यासाठी लागणाऱ्या रेझिनचा जगातला मोठा वाटा त्या एका कारखान्यातून येत होता. बघता बघता जगभर मेमरीचे भाव भडकले. २०११ मध्ये थायलंडात पूर आले आणि हार्ड डिस्क महागल्या. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांनी मेमरीच्या चिप्स ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव पुन्हा कडाडले.

सगळंच इथं सोज्वळ होतं असं कुणी म्हणणार नाही. बिल हवं तर एक भाव, नको तर दुसरा. मंद चिपवरचा छाप घासून वेगवान चिपचा छाप मारायचा, ही जगभरच्या बाजारांत चाललेली चलाखी इथल्या गिऱ्हाइकालाही सावध ठेवायची. पायरेटेड सॉफ्टवेअरसाठी तर अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयानं २००९ मध्ये या रस्त्याचं नाव कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत घातलं. मुंबईच्या एका रस्त्याची थेट वॉशिंग्टननं दखल घ्यावी, याचा इथल्या काहींना थोडा अभिमानही वाटला असल्यास नवल नाही.

कॉम्प्युटरला मराठी कोण शिकवणार?

पण या साऱ्या कार्डांत मराठी माणसाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचं कार्ड या रस्त्यावर जन्मलं नाही. ते पुण्याहून आलं.

अडचण अशी होती. तेव्हाचा पीसी पडद्याचे ऐंशी रकाने आणि पंचवीस ओळी करायचा आणि प्रत्येक चौकोनात एकेक ठरलेलं अक्षर बसवायचा. अक्षरांचे साचे चिपमध्येच कोरलेले, सगळे रोमन. देवनागरीचं तसं नाही. ‘कि’मधली वेलांटी उच्चारात मागून येते पण दिसते आधी, ‘र्क’चा रफार डोक्यावर चढतो, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ ही तर वेगळीच प्रकरणं. चौकोनांच्या त्या चाळीत ही अक्षरं राहणार कशी? मग ऑफिसात कॉम्प्युटर आला तरी यादी रोमनमध्येच. त्यात एखाद्याचं आडनाव ‘के ए एल ई’ असं छापून आलं, तर तो काळे, काले की कळे, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

अशी अडचण एकट्या मराठीची नव्हती. व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या थाई विद्यार्थ्याला अमेरिकेत प्रबंधासाठी थाई अक्षरं हवी होती. पीसीच्या चौकोनांत ती बसेनात, म्हणून त्यानं १९८२ मध्ये स्वतःच एक पडद्याचं कार्ड बनवलं. ‘हर्क्युलिस’ कार्ड ते हेच. ते जगभर खपलं, इथल्या असेंबल्ड पीसींमध्ये तर सर्रास असे. थाई लिपीच्या ओढीतून जन्मलेल्या कार्डावर आपण वर्षानुवर्षं इंग्रजी वाचत बसलो!

आपल्याकडे हे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं. तिथं प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या प्रयत्नांतून १९८३ पर्यंत देवनागरी टर्मिनल तयार झालं होतं. त्यातूनच ‘जिस्ट’ हे तंत्र पुढे आलं. १९८८ मध्ये पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली आणि तांबे यांच्यासह जिस्टचं काम तिथं आलं. ‘सी-डॅक’ म्हटलं की लोकांना १९९१ चा परम महासंगणक आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत पोचलं ते त्याच छपराखालचं हे हातभर कार्ड.

जिस्ट कार्ड पीसीतल्या रिकाम्या खाचेत खोचायचं. खाच तीच, जिच्यात साउंड कार्ड बसलं असतं. त्याची खरी करामत अशी, की वरच्या प्रोग्रॅमला काही पत्ताच लागत नसे. वर्डस्टार, डीबेस, लोटस हे त्या वेळचे लोकप्रिय प्रोग्रॅम अमेरिकेत इंग्रजीसाठी लिहिलेले. त्यांना वाटे आपण नेहमीसारखे चौकोनांत संकेत भरतो आहोत. खाली कार्ड ते संकेत उचलायचं, वेलांटी आधी न्यायचं, रफार वर चढवायचं आणि पडद्यावर शुद्ध मराठी उमटवायचं. प्रोग्रॅम बदलायला नको, कंपनीला विचारायला नको. एखाद्या घरात सून परक्या मुलखातून आलेली, भाषा वेगळी. आणि सासूबाईंच्या शेजारी बसून कुणी शहाणी जाऊ दोघींचं बोलणं एकमेकींना समजावून देते आहे, असा तो प्रकार.

त्यामागचा विचार आणखी खोल होता. भारतीय लिप्या दिसायला निराळ्या, पण वर्णमाला एक. क, ख, ग, घ हा क्रम मराठीत तोच, गुजरातीत तोच, बंगालीत, तेलुगूतही तोच. मग संकेत आकाराला न देता वर्णाला दिले. याचंच प्रमाण रूप ‘इस्की’ म्हणून १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. क्रमही वर्णमालेचाच ठेवला, त्यामुळे यादी लावली की नावं आपोआप आपल्या अकारविल्हे लागत. की-बोर्डही तसाच शहाणा. ‘इनस्क्रिप्ट’ या नावाच्या त्या मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ दुसऱ्या एकाच कळीवर. पहिलं अक्षर नुसतं, दुसरं शिफ्ट दाबून. ज्यानं बाराखडी पाठ केली, त्याला हा की-बोर्ड निम्मा आधीच येतो. टायपिंगच्या क्लासात जुन्या मांडणीवर बोटं तयार केलेल्यांना मात्र तो कधी फारसा आवडला नाही, आणि त्यांची तक्रारही समजण्यासारखी होती. पोट चालवणारी बोटांची सवय एका दिवसात कुणी मोडायची?

एका लिपीत टाइप केलेला मजकूर याच युक्तीमुळे दुसऱ्या लिपीत दाखवता येई. तंजावर-कुंभकोणमकडे शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या मराठी कुटुंबांत मराठी अजून बोलली जाते. पण कितीकांच्या हाताला वळण तमिळ लिपीचं. समजा, कुंभकोणमच्या मेलकावेरीतल्या अशा एखाद्या घराला पुण्याहून मराठी पत्र लिहायचं आहे. टाइप देवनागरीत करायचं, लिपी बदलायची, तोच मराठी मजकूर तमिळ अक्षरांत हजर. अर्थात तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर, तेव्हा ‘गणेश’ आहे की ‘कणेश’ हे वाचणाऱ्यानं संदर्भावरून ठरवायचं. पण भाषा एक आणि लिपी दुसरी, अशा माणसांचाही विचार एका कार्डाच्या पोटात होता, हे विसरता येत नाही.

कार्डाचं आयुष्य फार नव्हतं. पीसी वेगवान झाले, विंडोज आलं, अक्षरं चौकोनांच्या चाळीतून मोकळी झाली. कार्डाचं काम सॉफ्टवेअर करू लागलं. मग काही वर्षं मराठी डीटीपीचा बाजार निरनिराळ्या फॉन्टांनी भरून गेला. एकाचं दुसऱ्याला कळेना, आणि ऑपरेटर मंडळी मजकूर पुन्हा पुन्हा टाइप करून थकली. पुढे युनिकोड सार्वत्रिक झाला तेव्हा हा घोळ आवरला. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. तुम्ही मोबाइलवर घरच्या ग्रुपवर ‘पोचलो’ असं टाकता, तेव्हा त्या अक्षरांच्या क्रमांकांत तीच जुनी मांडणी असते.

लॅमिंग्टन रोडवर आज जिस्ट कार्ड कुणी मागत नाही, साउंड कार्डही क्वचितच. काउंटर भरलेत ते सीसीटीव्ही, राउटर, एलईडीच्या पट्ट्या आणि मोबाइलच्या भागांनी. नव्या पातळ लॅपटॉपांतून रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली येते. वाढवायची सोयच नाही, हवी तेवढी पहिल्या दिवशीच घ्या. दुरुस्तीवाले वैतागतात. त्यांचं कौशल्य आता खाचेत बसवण्याचं राहिलं नाही, भिंगाखाली चिप उचलण्याचं झालं आहे. आणि ते पोरं शिकलीही आहेत.

पण परीक्षेच्या आधीचे दोन महिने बघा. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली घोळक्यानं उतरतात, प्रोजेक्टची यादी घेऊन. त्यात हमखास असतो इटलीत जन्मलेला ‘आर्डुइनो’, नाहीतर २०१२ मध्ये इंग्लंडात निघालेला ‘रास्पबेरी पाय’. हा दुसरा म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर. त्याच्या प्रकारांना ‘ए’ आणि ‘बी’ ही नावं मुद्दाम जुन्या बीबीसी मायक्रोवरून दिलेली, आतली चिप आर्म घराण्याची. २०१४ पासून त्याच्या एका कडेला चाळीस उघड्या पिना असतात. त्यांवर बसणाऱ्या जोडकार्डांना ‘हॅट’ म्हणतात. मोटरची हॅट, आवाजाची हॅट, छोट्या पडद्याची हॅट. २०२० मध्ये तर या मंडळींनी की-बोर्डच्या पोटातच कॉम्प्युटर बसवला, स्पेक्ट्रमसारखा. चाळीस पिनांची पट्टी त्यालाही आहे. कुठे, तर पाठीमागे.

हॅट नीट बसते का हे बघायला दुकानदार ती गिऱ्हाइकासमोरच लावून दाखवतो, अंगठ्यानं हलवून बघतो. डुलत नाही म्हटल्यावर यादीवरच्या पुढच्या ओळीकडे वळतो.